न वळलेलं वादळ

टप्प असा बारीक आवाज झाला आणि प्लास्टिकच्या कागदाचा उजवा कोपरा कॉम्प्युटरच्या पडद्यावरून सुटून लोंबकळायला लागला. झालं ते एवढंच. घरात त्या वेळी याहून मोठे पाच-पन्नास आवाज चालले होते. आई खिडकीच्या काचांवर चिकटपट्टी मारत होती आणि प्रत्येक पट्टी दातानं तोडताना वादळाच्या नावानं काहीतरी पुटपुटत होती, न्हाणीघरात दोन बादल्या आणि एक जुना टब नळाखाली भरत होते, वरच्या मजल्यावरची माणसं गच्चीतलं काहीतरी जड ओढत नेत होती. त्या सगळ्यात हा टप्प कुणाला ऐकू जातोय? पण भिंगरीला गेला. टोपण काढलेलं मार्कर पेन तिच्या हातात तसंच राहिलं. कोपऱ्यावरची चिकटपट्टी एकदम सुटली नव्हती. पडद्याच्या काळ्या चौकटीवर चिकटाचा एक लांबट, मळकट माग होता, गोगलगाय चालून गेल्यावर भिंतीवर उरतो तसा. म्हणजे सुटण्याआधी ती कितीतरी वेळ घसरत होती. हळूहळू, केसाकेसानं. सकाळपासून. घड्याळात दहा चाळीस झाले होते. 

भिंगरी हे काही तिचं शाळेच्या हजेरीतलं नाव नव्हे. एका जागी पाच मिनिटं टिकत नाही म्हणून आईनं ते लहानपणी ठेवलं, आणि आता दहावीत आली तरी ते सुटत नव्हतं. गेले चार दिवस मात्र, शाळेचा वेळ सोडला तर, ही भिंगरी खुर्चीला खिळली होती, कारण समुद्रात तिच्याहून मोठी भिंगरी फिरत होती. आणि घरातली भिंगरी 'डोळेवाल्यां'पैकी एक होती. डोळेवाले म्हणजे चष्म्याचे दुकानदार नव्हेत. शहरात आणि किनाऱ्याच्या कडेनं विखुरलेली ही तीस-बत्तीस माणसं. कुणी औषधं विकतं, कुणी गाड्या दुरुस्त करतं, एक बाई गच्चीवर नळकांडं ठेवून पाऊस मोजतात. हवामान कार्यालयात यांच्यातलं कुणीही नोकरीला नाही. फक्त एक खूळ सगळ्यांना सारखं: समुद्रात चक्रीवादळ उठलं की रडारच्या चित्रात त्याचा डोळा, म्हणजे मधलं वाऱ्याविना शांत भोक, शोधायचं आणि ते कुठे सरकतंय त्यावर पाळत ठेवायची. रडारचं चित्र दर दहा मिनिटांनी बदलतं. नवं आलं की जुनं गेलं. म्हणून औषधवाल्या काकांनी, या मंडळींच्या न नेमलेल्या म्होरक्यांनी, फार वर्षांपूर्वी एक रीत घालून दिली होती. पडद्यावर वहीच्या कव्हराचा पारदर्शक कागद चिकटवायचा आणि प्रत्येक चित्राला डोळ्याच्या मधोमध आपल्या हातानं ठिपका द्यायचा. "मशीनला हालचाल दिसते, हाताला ती कळते," असं काका म्हणायचे. पण ठिपक्याच्या आधी कागदावर दोन फुल्या काढायच्या. एक दीपगृहावर, एक नदीच्या मुखावर. ही दोन ठिकाणं काही उठून चालायला लागत नाहीत. तेव्हा दर वेळी बघायचं, फुल्या आपापल्या जागेवर बसल्यात ना, आणि मगच पेन टेकवायचं. फुली, फुली, ठिपका. नव्या माणसाला काका हे तीन शब्द पाढ्यासारखे म्हणायला लावायचे. भिंगरीनंही म्हटले होते, मोठ्यानं, फोनवर, दारामागे लपून. आणि आज सकाळी सहापासून तिनं एकदाही फुल्यांकडे पाहिलं नव्हतं.

का नव्हतं पाहिलं? झोपाळलेली होती म्हणून? छे. उलट इतकी जागी ती आयुष्यात कधी नव्हती. पाहिलं नव्हतं कारण आता तिला पाहायची गरज वाटत नव्हती, आणि ही गरज न वाटणं इतकं गोड होतं की ते जिभेवर घोळवत बसावं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत वर्गात उभं राहून एक ओळ वाचायची म्हटलं की तिच्या गळ्यात कापूस भरायचा. भूगोलाच्या बाई म्हणायच्या, "अगं, आवाज काढ, तो काय बँकेत ठेवलायस?" आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा. मग परवाचा दिवस उजाडला. परवा दुपारी तिनं रडारच्या लाल-पिवळ्या चिखलात एक काळं टिंब पाहिलं, तिळाएवढं, आणि डोळेवाल्यांच्या फोनवरच्या गटात लिहिलं, "डोळा उघडला." हवामान कार्यालयानं तेच सांगितलं चाळीस मिनिटांनी. मधल्या चाळीस मिनिटांत अख्ख्या जगात हे फक्त तिला आणि त्या बत्तीस माणसांना माहीत होतं. काकांनी लिहिलं, "आपल्यातल्या सर्वांत लहान डोळ्यानं आज सर्वांत आधी पाहिलं." भिंगरीनं ते वाक्य एकोणीस वेळा वाचलं. काल शाळा सुटायच्या आधी त्याच बाईंनी तिला फळ्यासमोर उभं केलं, आणि कापूस कुठे गेला कोण जाणे, ती बोलत सुटली, हात हलवून, खडूनं वर्तुळं काढून, मागच्या बाकावरची बारा टाळकी गप्प करून. घरी येताना रस्ता तिला आपल्या पायांपेक्षा बुटका वाटला. माणूस असा एका दिवसात उंच होतो आणि मग जमिनीवरच्या बारीकसारीक गोष्टी त्याला दिसेनाशा होतात, हे तेव्हा तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं.

आज सकाळी आठनंतर ठिपके वळायला लागले. आधीचे सगळे ठिपके मुंग्यांच्या रांगेसारखे तिरके वर, उजवीकडे, किनाऱ्याकडे चालले होते. आठ वीसचा ठिपका रांगेच्या जरा डावीकडे पडला. आठ तीसचा आणखी जरा. नऊपर्यंत रांगेला चक्क कोपर फुटलं. उत्तरेला! समुद्राकडे!  वादळ वळतंय, आणि कार्यालयाला अजून पत्ता नाही. वळण जाहीर करायचं तर तिघांनी आपापल्या कागदावर स्वतंत्र ठिपके देऊन ते पाहिलेलं हवं, असा डोळेवाल्यांचा नियम. नऊ वीसला तिनं लिहिलं, "वळलं! सहा ठिपके उत्तरेला. तुमच्याकडे?" गच्चीवाल्या बाईंनी लगेच लिहिलं, "हो गं, माझ्याकडेही उत्तरेला झुकलंय." काकांनी एकच अक्षर टाकलं, "हो." झाले तिघे. मग गटात नुसता आनंदीआनंद. कुणी लिहिलं, चला, माझी कौलं वाचली. कुणी लिहिलं, बायकोला सांगतो बॅगा सोड. आणि पाच मिनिटांत आत्याचा फोन आला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पुलापलीकडे, समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये पसरलेल्या वाळूच्या दांडीवर, ती एकटी राहायची आणि बोटींची शिडं शिवायची. घर म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, तिच्या एका टोकाला पलंग आणि शेगडी, बाकी सगळी जमीन शिडांना. मधोमध तिचं मशीन, साध्या मशीनच्या तिप्पट, बैलासारखं काळं, जाड लाकडी टेबलाला चार बोल्टनी कसलेलं. ज्या म्हाताऱ्या कारागिरानं तिला हे काम शिकवलं त्यानं जाताना ते तिलाच ठेवून दिलं होतं. त्या कारागिराला दोन मुलगे होते, तरी. तसलं मशीन आता कुणी बनवत नाही. आत्या त्याला 'आमचे हे' म्हणायची आणि आई तोंडाला पदर नाही तर रुमाल, जे हाताशी असेल ते लावून हसायची.

"खरंच वळलं का गं भिंगरे?" आत्यानं विचारलं होतं.

"वळलं! सहा ठिपके, आत्या!"

"ऑफिसवाले तर अजून तेच तुणतुणं वाजवतायत. बाराला पूल बंद, बाराला पूल बंद. दर वर्षी पळवतात मेले, आणि दर वर्षी चार थेंब पडतात."

"त्यांना कळायला तासभर लागेल. परवा नाही का?"

"परवाचं ऐकलंय मी. तुझ्या आईनं तीनदा ऐकवलंय, आणि तुझ्या बापानं एकदा." पलीकडे लोखंड लोखंडावर आपटल्याचा आवाज झाला. "बरं, मग मी यांना खाली उतरवते बाई. शेजारच्या दोघांनी मिळून गाडीत चढवलंय. उद्या शीड द्यायचंय, आणि अर्धी शिवण बाकी आहे. नक्की ना?"

"नक्की."

ते 'नक्की' आता, दहा चाळीसला, खोलीच्या मधोमध उभं राहून तिच्याकडे बघत होतं. तिनं लोंबणारा कोपरा दोन बोटांनी उचलला. दीपगृहाची फुली दीपगृहावर आणली, नदीची नदीवर. मग वर पाहिलं. सकाळी आठपर्यंतचे ठिपके सरळ रांगेत होते, आणि त्या रांगेच्या पुढच्या टोकाला, जिथे फूटपट्टी ठेवून पुढची रेघ ओढली तर ठिपका यायला हवा, बरोबर तिथे वादळाचा डोळा होता. शांत. गोल. एखादं माणूस आपल्या नेहमीच्या रस्त्यानं घरी चाललंय आणि मागून कोण काय बोललं याची त्याला खबरही नाही, तसा. वादळ वळलं नव्हतं. कागद वळला होता. सहाच्या सहा ठिपके कागदानं वळवले होते. बोटाच्या एका पेराएवढा फरक, आणि या नकाशावर बोटाचं पेर म्हणजे तीस किलोमीटर.

आता इथे कुणालाही वाटेल की तिनं झडप घालून फोन उचलला असेल. तिलाही पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं की आपण तसंच केलं, फक्त मधे काहीतरी आडवं आलं. पण मधे काहीही आडवं आलं नाही. फोन तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होता, पूर्ण चार्ज केलेला. ती खुर्चीत बसून राहिली आणि तिच्या डोक्यात एक विचार आला, अगदी सभ्य, नीट भांग पाडलेला. खात्री करून घेतलेली बरी. एकदा घाई केली, आता दुसऱ्यांदा नको. दहा पन्नासचं चित्र येऊ दे. हा विचार दिसायला शहाणा होता, पण त्याच्या मागे त्याचा धाकटा भाऊ लपला होता, आणि तिला तो दिसत होता, आणि ती दिसत नसल्यासारखं करत होती. तो धाकटा म्हणत होता, वळेल की. अजून वळू शकतं. वादळं वळतात. पुढच्या दहा मिनिटांत ते खरोखर उत्तरेला वळलं, तर तू चुकलीच नव्हतीस. तर कुणाला काही सांगायला नको, कोपरा परत चिकटवायचा, आणि झालं.

"काय गं?" आई दारात येऊन उभी राहिली, दातात पट्टीचा तुकडा. "वळलं म्हणालीस ना? म्हणजे मी हे माकडासारखं खिडकीवर चढून बसलेय ते उगाच?"

"चिकटव तू," भिंगरी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

"अगं, पण मग वळलं ना?"

"बघतेय."

"बघ बाई. तुझ्या आत्याचं बरंय. वादळ दारात आलं तरी त्याला म्हणेल, पाय पुसून ये, शीड पसरलंय." आणि आपल्याच विनोदावर हसत आई पुढच्या खिडकीकडे गेली. तिच्या मनगटात चांगल्या चिकटपट्टीचं रीळ बांगडीसारखं अडकवलेलं होतं. काल तेच रीळ भिंगरीच्या टेबलावर होतं, आणि आईनं ते खिडक्यांसाठी नेलं आणि त्याऐवजी कपाटातलं जुनं, पिवळं पडलेलं दिलं होतं. भिंगरीनं त्या रिळाकडे पाहिलं आणि क्षणभर तिला इतकं हायसं वाटलं! म्हणजे आईचं चुकलं. मग गच्चीवाल्या बाईंचंही चुकलं, त्यांनी कसा पाहिला उत्तरेला झुकलेला डोळा? काकांचंही. एवढ्या सगळ्यांचं चुकलं असेल तर तिच्या वाट्याला येऊन येऊन कितीसं येतंय? ती मनातल्या मनात चुकीचे तुकडे करत राहिली, आणि दर वेळी तुकडे केल्यावर तिच्या हातात पुन्हा अख्खी चूकच उरायची.

दहा पन्नासचं चित्र आलं. तिनं कोपरा डाव्या हातानं दाबून धरला होता, फुली, फुली, आणि डोळा रेघेवरच होता. एक सुईभर किनाऱ्याच्या जवळ. एका चित्रावरून काय कळतं, तो सभ्य विचार म्हणाला. अकराचं बघ. आणि ती बसली. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर खेचत होतं, उजेड फळ्यावरच्या जुन्या खडूसारखा फिका झाला होता, आणि तिला नको असताना ती शेड आठवत होती. ती सहा-सात वर्षांची असताना सुट्टीत तिथे राहायला जायची. आत्या जमिनीवर नवं शीड पसरायची, पांढरं, खरखरीत, अख्ख्या वर्गाला झोपता येईल एवढं, आणि भिंगरी त्याच्या खाली शिरायची. आतून सगळं दुधासारखं दिसायचं. वरून आत्याची सावली सरकायची. मग मशीन सुरू व्हायचं आणि जमीन पोटाला गुदगुल्या करायची. मशीन चालू असलं की आत्याला काही ऐकू यायचं नाही, दारावर टकटक नाही, फोन नाही, नाव घेऊन ओरडलं तरी नाही. भिंगरीला ते भारी आवडायचं. शिडाखाली पडून ती मोठमोठ्यानं बोलायची, गाणी म्हणायची, वर्गात जे बोलता यायचं नाही ते सगळं. तिचा आवाज तिला पहिल्यांदा तिथेच ऐकू आला होता, जिथे तो दुसऱ्या कुणाला ऐकू येत नव्हता. एकदा मशीन अचानक थांबलं आणि तिचं वाक्य उघडं पडलं, "मी या घराची राणी आहे!" शांततेत. वरून आत्याचा आवाज आला, "बरं राणीसाहेब, तेवढं पाय काढा शिवणीवरून." हसली नाही, चिडवलं नाही, आणि नंतर कुणाला सांगितलंही नाही.

अकरा वाजले. चित्र आलं. डोळा रेघेवर. एक सुई पुढे. भिंगरीला कळलं की तो सभ्य विचार आता म्हणणार आहे, अकरा दहाचं बघ. आणि तिला त्याची इतकी शिसारी आली की ती खुर्ची मागे ढकलून उभीच राहिली. फोन उचलला. अकरा वाजून दोन मिनिटं.

रिंग वाजून वाजून बंद पडली. तिला लगेच कळलं. मशीन चालू आहे. तिच्या 'नक्की'वर विसंबून आत्यानं चारही बोल्ट परत कसले आहेत आणि उद्याचं शीड शिवते आहे. भिंगरीनं पुन्हा लावला. पुन्हा. प्रत्येक रिंगबरोबर तिला ती जमिनीची गुदगुली पोटात जाणवत होती. सहाव्यांदा लावताना तिला रडू यायला लागलं आणि ती ते येऊही देईना, कारण रडलं की बोलता येत नाही. आठव्यांदा, अकरा बाराला, आत्यानं उचलला. दोरा संपला होता.

"काय गं? सात-सात मिस कॉल? घर जळतंय का?"

"आत्या, नाही वळलं."

"काय नाही वळलं?"

"वादळ. माझं चुकलं. कागद घसरला होता, आणि मी फुल्या बघितल्या नाहीत. ते सरळ येतंय. तुझ्याकडे. संध्याकाळच्या आत. तू निघ."

 पलीकडे खुर्ची सरकली. मग आत्यानं विचारलं, "किती नक्की?" त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"दोनदा बघितलं. फुल्या बघून."

"अकरा तेरा," आत्या स्वतःशीच म्हणाली. "पुलापर्यंत पंचवीस मिनिटं, आज रांग असणार. शेजारचे गेले गं. दोघंही गेले, अर्ध्या तासापूर्वी. मला म्हणाले चला, मी त्यांना म्हटलं, आमच्या भिंगरीनं बघितलंय."  भिंगरीला डोळ्यांसमोर आत्या मशीनकडे बघताना दिसली, हात टेबलावर टेकून. "बरं. ठेव फोन. गाडी चालवताना मला फोन करू नकोस."

मग तिनं गटात लिहिलं. दोनदा लिहिलेलं खोडलं. "सकाळी मी वळलं म्हटलं ते चूक. माझा कागद घसरला होता. मी आठपासून फुल्या बघितल्या नव्हत्या. वादळ सरळ येतंय. ज्यांनी माझ्यामुळे बेत बदलला त्यांनी लगेच निघा." मग खाली तिला आठवून खरं लिहावंसं वाटलं, "आठपासून नव्हे, सहापासून." तेही लिहिलं. कुणी रागावलं, एकानं लिहिलं की पोरखेळ आहे का हा, आणि ते बरोबरच होतं. ज्याची बायको बॅगा सोडत होती त्यानं लिहिलं, परत भरतोय. गच्चीवाल्या बाईंनी तिला वेगळा निरोप पाठवला: "तुला एकटीला सांगते. माझा ठिपका रेघेवरच पडत होता. तू वळलं म्हणालीस म्हणून मी तो जरासा उत्तरेला दिला. मलाही वाटलं, वळू दे." आणि काकांचा फोनच आला, मागे शटरचा खडखडाट.

"फुली बघितली नव्हतीस?"

"नाही काका."

"हं." खडखडाट थांबला. "मी तर ठिपकाच दिला नव्हता. दुकान आवरत होतो. पोरगी म्हणतेय म्हणजे असेल, म्हणून हो टाकून दिलं. साठी उलटली माझी आणि नियम मीच केलाय." मागे कुलूप लागल्याचा आवाज आला. "सगळ्यांनाच हवं होतं गं ते वळायला. आता नवा कागद लाव. आणि रेघेवर कोण कोण आहे त्यांची नावं काढ, मी एकेकाला फोन करतो."

ते काम दोघांनी मिळून केलं. अकरा घरं. दहांनी फोन उचलला, अकरावं आधीच निघून गेलेलं निघालं. मधे बाबांचा फोन आला, ते डेपोत बस उंचावर हलवत होते. "ताई निघाली का?" एवढंच विचारून त्यांनी ठेवला, आणि दर पाच मिनिटांनी तेवढंच विचारत राहिले. बारा वाजले. बारा दहा. रेडिओवर सांगितलं की पूल बंद झाला. आत्या पुलाच्या या बाजूला आहे की त्या बाजूला, हे जगातल्या कुठल्याही रडारवर दिसत नाही. भिंगरी नव्या कागदावर ठिपके देत राहिली, फुली, फुली, ठिपका. त्या पाऊण तासात ती किती म्हातारी झाली हे मोजायला तिच्याकडे पट्टी नव्हती. आई दोनदा येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.  आईनं न बोलणं हेच इतकं विचित्र होतं की भिंगरीला त्याचीच भीती वाटली.

बारा पन्नासला दाराची बेल वाजली. आत्या दारात उभी होती, आडव्या पावसानं एका बाजूनं ओलीचिंब आणि दुसऱ्या बाजूनं कोरडी, हातात दोऱ्यांची पिशवी आणि खांद्यावर गुंडाळलेलं अर्धं शीड. "पुलावरची शेवटून चौथी गाडी," ती म्हणाली. "मागच्या तिघांचे चेहरे बघायला हवे होते. वहिनी, चहा टाका, साखर दुप्पट." आईनं तिला मिठी मारली आणि मग लगेच, मिठी मारल्याची भरपाई म्हणून, ओल्या पायांवरून बोल लावला. चहा पिताना आत्या आईला सांगत होती, "पोरीचं कौतुक करा. अहो, मोठमोठ्यांना जमत नाही. चुकलं म्हणायला छाती लागते. कळल्या कळल्या फोन केलान हिनं, एक मिनिट घालवलं नाही. मशीनमुळे मलाच ऐकू आलं नाही, त्याला ती काय करणार." आई डोळे पुसत भिंगरीकडे बघून हसली. भिंगरी कपाच्या कानात बोट घालून बसली होती. तिला वाटलं, हे असंच राहू द्यावं. आता कुणाचं काय बिघडतंय? आत्या वाचली. ती या खोलीत आहे, बिस्किट बुडवते आहे. तो धाकटा भाऊ परत आला होता आणि या वेळी त्याच्याजवळ सगळी उत्तरं तयार होती.

आत्या जरा पडायला म्हणून भिंगरीच्या खोलीत आली. केस पुसत पडद्याकडे बघत राहिली. ठिपक्यांची रांग किनाऱ्याला टेकायला आली होती, आणि रांगेच्या नाकासमोर वाळूची ती दांडी होती, नखाच्या कडेसारखी बारीक.

"मशीन?" भिंगरीनं विचारलं.

"राहिलं." आत्यानं टॉवेल खुर्चीवर टाकला. "दोन बोल्ट सोडले होते. तिसरा निघेना, आणि घड्याळ बघितलं तर अकरा सत्तावीस. आणखी वीस मिनिटं असती ना, तर पुढचं मी लोळवत नेलं असतं फळीवरून. एकटीनं. नेलंय पूर्वी." ती हसायला गेली आणि अर्ध्यात थांबली. "असू दे. माणूस राहिलं नाही ना मागे."

"आत्या, मला दहा चाळीसला कळलं होतं."

आत्यानं वळून पाहिलं.

"दहा चाळीसला कागद सुटला. तेव्हाच कळलं. फोन मी अकरा दोनला केला."

बाहेर काहीतरी पत्र्याचं उडून रस्त्यावर घरंगळत गेलं, बराच वेळ घरंगळत राहिलं. आत्या पलंगाच्या कडेला बसली. तिच्या बोटांच्या पेरांत मशीनचं काळं तेल होतं, साबणानं न गेलेलं.

"मग बावीस मिनिटं काय करत होतीस?"

भिंगरीला खूप उत्तरं येत होती. खात्री करत होते. घाबरले होते. ती सगळी थोडी थोडी खरी होती. तिनं सगळ्यांत जास्त खरं होतं ते सांगितलं, आणि ते तिच्या जुन्या, कापूस भरलेल्या आवाजात बाहेर आलं. "वादळ वळतंय का बघत होते. म्हणजे मग माझं चुकलं नसतं."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. रागानं नाही, मायेनंही नाही. एखादी शिवण आपल्या हातून गेलेली आहे की दुसऱ्याच्या, हे उजेडात धरून बघावं, तसं. मग तिनं मान वळवली आणि पुष्कळ वेळ त्या ठिपक्यांच्या टोकाकडे बघितलं. 'आमचे हे' तिथे उभे होते, दोन बोल्टवर.

"मी तुला आत्ता काही म्हणणार नाही," ती शेवटी म्हणाली. "आत्ता म्हटलं तर वाईट म्हणेन. उद्या बघू."

"हो."

"सरक."

भिंगरी सरकली. आत्या भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, पांघरूण खांद्यावर ओढलं, आणि भिंगरीला वाटलं की झोपली. तिनं खुर्ची आवाज न करता पडद्याजवळ ओढली. दोनचं चित्र यायला चार मिनिटं होती.

"भिंगरे."

"अं?"

"दर दहा मिनिटांनी सांगत बसू नकोस मला." आवाज भिंतीला आपटून येत होता. "दांडीवर पोचलं की उठव. तेव्हा मात्र लगेच."